वर्गात व्यंगचित्रं वापरायची तर: शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

शिक्षण परिषदेत, ट्रेनिंगच्या चहाच्या सुट्टीत, बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी माध्यमिकला इतिहास आणि मराठी शिकवतो त्यामुळे उदाहरणं त्या बाजूची जास्त आहेत, सायन्सवाल्यांनी खाली त्यांचा प्रश्न शोधावा.

चित्र तर मुलं बघतातच की, त्यात शिकवायचं काय?

बघतात हो, पण किती वेळ? मोबाईलवर अंगठा सरकतो तेवढा वेळ. चित्र वाचणं हे वेगळं काम आहे. कोण मोठं काढलंय कोण छोटं, कोण बोलतंय कोण गप्प आहे, बघणाऱ्याला कुठे उभं केलंय, काय मुद्दाम दाखवलेलंच नाही, आणि ज्याने हे काढलं त्याला आपल्याला नेमकं काय वाटायला लावायचंय, हे चित्रातूनच शोधता येणं म्हणजे व्हिज्युअल लिटरसी. बाकी जड व्याख्या ट्रेनिंगच्या पीपीटीत असतातच. मुलं दिवसभर जाहिराती, रील, मीम, वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे बॅनर बघत असतात आणि हे वाचायला त्यांना कुणीही शिकवत नाही, पुस्तकातलं चित्र आलं तरी आपण "वरील चित्र पहा" एवढं म्हणून खालच्या प्रश्नावर जातो.

मग फोटो घ्या ना, कार्टूनच कशाला?

फोटोही घ्या, पण सुरुवात व्यंगचित्राने केली तर सोपं जातं. फोटोत मागे एखादं कुत्रं चुकून येतं. व्यंगचित्रात कुत्रं असेल तर ते कुणीतरी शाई खर्चून काढलंय, म्हणजे "हे इथे का आहे?" असं बिनधास्त विचारता येतं आणि त्याला उत्तर असतं. शिवाय सगळं एका चौकटीत संपतं, पाच मिनिटांत पूर्ण वर्ग एकाच गोष्टीवर बोलायला लागतो, आणि मागच्या बाकावरची जी पोरं वाचनात अडखळतात ती इथे पुढे असतात. हे मी फार वेळा बघितलंय, ज्याला परिच्छेद वाचायला लावला की घाम फुटतो तोच पोरगा चित्रातला बारीक तपशील सगळ्यात आधी पकडतो.

पहिला तास कसा घ्यायचा? स्टेप बाय स्टेप सांगा.

शब्द नसलेलं चित्र घ्या. शि. द. फडणीसांचं कुठलंही चालेल, त्यांचं मोहिनी मासिकाच्या मुखपृष्ठावरचं ते मांजर-उंदराचं चित्र तर या कामासाठीच काढल्यासारखं आहे: एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, शेजारी उभ्या असलेल्याच्या कपड्यांवर उंदरांची, आणि छापील मांजरांना छापील उंदीर दिसलेत. बस, एवढंच. एक अक्षर नाही.

चित्र लावा आणि एक मिनिट कुणी बोलायचं नाही, हातही वर करायचा नाही असं सांगा. हे मिनिट फार लांब वाटतं, शिक्षकाला तर जास्तच, मध्ये बोलावंसं वाटतं पण बोलू नका. कुणीतरी "कळलं सर कळलं" करून उड्या मारणार, त्याला म्हणायचं, कळलं ते मनात ठेव, दिसलं ते सांग. आणि मग फळ्यावर फक्त दिसलेल्या गोष्टी लिहायच्या. "दोघं भांडतायत" हे दिसणं नाही, "त्याचा हात वर आहे" हे दिसणं. मुलांना हा फरक कळायला दोन-तीन तास जातात, मोठ्या माणसांना जास्त.

त्यानंतर तीन प्रश्न. हे माझे नाहीत, अमेरिकेत म्युझियममधलं शिक्षण बघणारे फिलिप येनावाईन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी चित्रं बघण्याची एक पद्धत बसवली, तिच्यातले आहेत. या चित्रात काय चाललंय? असं तू कशावरून म्हणतोस? आणि अजून काय सापडतंय? मराठीत मधल्या प्रश्नाला एकच शब्द पुरतो, "कशावरून?" वर्षाच्या शेवटी माझ्या वर्गातली मुलं एकमेकांना हा शब्द मारतात, घरी आईबाबांनाही मारतात अशी तक्रार पालकसभेत आलेली आहे.

उत्तर चूक की बरोबर ते तुम्ही सांगायचं नाही. कशावरून विचारल्यावर मुलाने उठून चित्रातल्या जागेवर बोट ठेवलं की उत्तर टिकलं, बोट ठेवायला जागा सापडली नाही की ते आपोआप पडलं. सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालतं.

आणि जोक समजावून सांगू नका, काहीही झालं तरी. चाळीस मिनिटांत कुणालाच नाही कळला तर चित्र भिंतीवर राहू द्या. मधल्या सुट्टीत कुणाला तरी कळतो आणि मग तो सगळ्या शाळेला सांगत सुटतो.

कितवीपासून सुरू करू?

पहिलीपासून, फक्त चित्र बदलायचं. लहान वर्गात शब्द नसलेली चित्रं आणि चेहऱ्यावरचे भाव, पाचवी ते सातवी चिंटूसारख्या चित्रांच्या पट्ट्या, आठवीच्या पुढे राजकीय. शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली होती, म्हणजे आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाहीच. ज्यांनी ती पुस्तकं वापरली ते आज आजोबा-आजी व्हायच्या वयात आलेत आणि गणित विसरले तरी चित्रं सांगतात.

मराठीत नेमकं कुणाचं काय घेऊ? नावं द्या.

पट्टी शिकवायची तर चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये सकाळमध्ये सुरू केलेली, मुलांना पात्रं लगेच आपली वाटतात. यात शेवटची चौकट कागदाने झाका आणि मुलांना ती काढायला सांगा, चित्र नाही आलं तरी चालेल, काड्यांची माणसं काढा म्हणावं. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडलं हाही मस्त प्रश्न आहे. पहिल्या चौकटीत चेंडू हातात, दुसऱ्यात आई रागावलेली, मग काच कुठे फुटली? ती काच कुणी काढलीच नाही, ती वाचणाऱ्याने फोडली. हे मुलांच्या लक्षात आलं की त्यांना फार भारी वाटतं.

आर. के. लक्ष्मण तर हवेतच. १९५१ पासून त्यांचा कॉमन मॅन टाइम्स ऑफ इंडियात येत राहिला, धोतर, चौकडीचा कोट, चष्मा, आणि तोंडातून शब्द नाही. त्याचा पुतळा पुण्यात सिम्बायोसिसमध्ये आहे आणि मुंबईत वरळी सीफेसलाही. पण आजच्या आठवीतल्या मुलाला तो कोण ते माहीत नसतं, आणि हेच आपल्या फायद्याचं आहे! सांगू नका. तीन-चार चित्रं शेजारी शेजारी लावा आणि विचारा, सगळ्यांत कोण आहे? तो कुठे उभा आहे, कुठे बघतोय, किती वेळा बोललाय? मग अंगठ्याने त्याला झाकायला सांगा. झाकल्यावर मंत्र्यांचं भाषण तेच राहतं, जोकही तोच राहतो, पण काहीतरी जातं. काय गेलं यावर माझ्या वर्गात दोन तास वाद झालाय. एका मुलीचं म्हणणं होतं, सर तो गेला की आपण गेलो. दुसरा म्हणे तो साक्षीदार आहे, साक्षीदार गेला की केस पडते. (घरी कुणीतरी वकील असावं.)

मारिओ मिरांडा गर्दीसाठी. गोव्याचा बाजार, बस, कॅफे, एका चित्रात एवढी माणसं की शोधता शोधता तास संपतो. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरच्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत, सहल तिकडे असेल तर बाहेरून का होईना दाखवा. गट पाडा, प्रत्येक गटाला चित्राचा एक कोपरा द्या आणि त्या कोपऱ्याची बातमी लिहायला सांगा.

वसंत सरवटे जरा मोठ्या वर्गाला, कारण त्यांच्या रेषेतला विनोद हळू चढतो. मंगेश तेंडुलकर पुण्यातल्या मुलांना जरूर सांगा. हा माणूस ट्रॅफिकवर व्यंगचित्रं काढून ती दिवाळीत नळस्टॉप चौकात उभं राहून गाडीवाल्यांना वाटायचा. चित्र कुणासाठी काढलंय आणि ते कुठे भेटतंय यानेही त्याचा अर्थ बदलतो, पेपरात बघणं वेगळं आणि सिग्नल तोडता तोडता हातात पडणं वेगळं.

जुने दिवाळी अंक रद्दीच्या दुकानात किलोवर मिळतात. तिथून सुरू करा, पैसे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल.

राजकीय व्यंगचित्र मलाच धड कळत नाही, मुलांना काय शिकवू?

अवजारं पाच आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने शिक्षकांसाठी केलेली ही यादी मला सगळ्यात सुटसुटीत वाटते: प्रतीक, अतिशयोक्ती, लेबल, तुलना आणि उपरोध. प्रत्येक चित्रात पाचही नसतात. मुलांना "यातली कुठली सापडतात" एवढंच विचारायचं.

आता व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं आणीबाणीतलं चित्र घेऊ, कारण नववीच्या इतिहासात आणीबाणी येते. १० डिसेंबर १९७५ ला इंडियन एक्सप्रेसमध्ये आलं होतं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये आहेत, सही केलेला कागद ते दारातून आत आलेल्या एका हाताकडे देतायत, आणि म्हणतायत की अजून काही वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा.

मी ओळ झाकून दाखवतो. पहिल्या मिनिटाला नुसतं खिदळणं, कारण मोठा माणूस अंघोळ करतोय. खिदळू द्या. मग दिसलेल्या गोष्टींची यादी: टब, माणूस, कागद, दार, हात. इथपर्यंत आलं की कुणीतरी विचारतंच, "सर, तो हात कुणाचा?" हा प्रश्न आला की तास जमला समजा. हाताला माणूसच दिलेला नाही, मग तो अमक्याचा की तमक्याचा, बाहेर एक जण आहे की रांग लागलीय? अंघोळीलाही सवड नाही म्हणजे घाई कुणाला आहे, सही करणाऱ्याला की मागणाऱ्याला? कागद वाचलाय असं कुठे दिसतं? बोट ठेवून दाखव. एवढं झाल्यावर ओळ उघडायची, आणि मग कुठे सांगायचं की वटहुकूम म्हणजे संसदेचं अधिवेशन नसताना सरकारने काढलेला आणि राष्ट्रपतींच्या सहीने लागू होणारा कायदा, आणि आणीबाणीच्या घोषणेवर याच राष्ट्रपतींनी २५ जून १९७५ च्या रात्री सही केली होती. हे सगळं पुस्तकात आहेच, पण आता ते मुलांना हवं असतं, आधी तुम्हाला द्यायचं असतं.

तेव्हा पेपरांवर सेन्सॉर होता हेही सांगा आणि पुढचा प्रश्न मुलांवर सोडा: चिडवायचं कुणाला होतं आणि चित्रात कोण आहे?

पण मुलांना संदर्भच माहीत नसतात, सगळं सांगत बसलं तर मजा जाते.

मजा जाते कारण आपण आधी सांगतो. क्रम उलटा करा: आधी बघणं, मग अडणं, मग माहिती. आणि माहितीही थेंबाथेंबाने, जिथे अडले तेवढीच. मी चिठ्ठ्या करतो, चार-पाच चिठ्ठ्यांवर एकेक वाक्याची माहिती, गटाला वाटलं की आता हवी तर त्यांनी येऊन एक घ्यायची. कमी चिठ्ठ्यांत जो गट पोहोचला त्याला टाळ्या. काही चित्रं मात्र इतकी त्या दिवसाची असतात की पन्नास वर्षांनी ती मेलेलीच असतात, त्यांच्या नादी लागू नका.

राजकीय चित्र वर्गात नेलं आणि वाद झाला तर? आमच्याकडे वातावरण बरं नाही.

भीती खोटी नाही. २०१२ चं सगळ्यांना आठवत असेल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं एक व्यंगचित्र होतं. राज्यघटनेचं काम म्हणजे गोगलगाय, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाबूक घेऊन बसलेत, मागे नेहरूंच्याही हातात चाबूक, आणि सभोवती बघ्यांची गर्दी. पुस्तक काही वर्षं वर्गात चालू होतं. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, चित्र पुस्तकातून वगळायचं ठरलं, पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या ऑफिसची तोडफोड झाली. मग सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली.

यावर माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. तोडफोड चूकच, तिथे चर्चा नाही. पण "लोकांना व्यंगचित्र कळत नाही" असं म्हणून जे हसले त्यांनीही चित्र नीट वाचलं नव्हतं. शंकरांना कदाचित एवढंच म्हणायचं असेल की घटना हळू चाललीय, दोघंही तिला हाकतायत. (घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ची आणि घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे जवळपास तीन वर्षं.) पण चाबूक, मागे उभा असलेला माणूस आणि बघणारी गर्दी, हे ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे त्याला वेगळं दिसणार, आणि तो चित्रातल्याच रेषांवर बोट ठेवून ते दाखवू शकतो. कशावरून विचारलं तर त्याच्याकडे उत्तर आहे. मग त्याचं वाचन बाद कसं करणार? चित्र काढणाऱ्याच्या मनातला अर्थ हा एक अर्थ झाला, बघणाऱ्याचाही असतो, आणि वर्गात दोन्हींना जागा पाहिजे. मी हे चित्र शाळेत दाखवत नाही. ज्युनिअर कॉलेजला, वर्ग ओळखीचा झाल्यावर, २०१२ च्या बातम्यांच्या कात्रणांसकट घ्यावं या मताचा आहे.

रोजच्यासाठी सोपे नियम: आज सत्तेवर किंवा विरोधात असलेल्या नेत्यांची चित्रं घेऊ नका, किमान वीस-पंचवीस वर्षं जुनं घ्या. देव, धर्म, महापुरुष यांच्यावरची बाजूला ठेवा, हे भेकडपणाचं वाटलं तरी वाटू दे, नोकरी तुमची आहे. एकाच बाजूची टिंगल करणारी दोन चित्रं लागोपाठ नकोत. आणि टाचणवहीत घटक, हेतू, चित्र कुठून घेतलं ते लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना आधी दाखवा. कुणी विचारायला आलं तर वही पुढे करता येते.

जुन्या व्यंगचित्रांत बायको जाडी, लाटणं घेऊन मागे लागलेली, नोकर काळा, हे मुलांना दाखवायचं?

निवडून दाखवायचं, आणि दाखवलं तर त्याच विषयावर बोलायचं. "विनोद आहे, सोडून द्या" म्हणून पुढे जायचं असेल तर दाखवूच नका. एक प्रश्न पुरतो: हे बघून कोण हसेल आणि कोण नाही हसणार?

आठवीला १८५७ असतं तेव्हा मी पंच या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातलं जॉन टेनिएलचं चित्र नेतो, ऑगस्ट १८५७ चं. ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतोय आणि वाघाच्या पायाखाली एक गोरी बाई आणि तिचं मूल. नाव सांगायच्या आधी विचारा की वाचणाऱ्याने कुणाच्या बाजूने व्हावं असं काढणाऱ्याला वाटतंय. वर्गातली सगळी मुलं, इथे आपल्या गावात बसलेली, पहिल्या फटक्यात सिंहाच्या बाजूने होतात! मग सांगायचं वाघ कोण ते. एकदम शांतता. कशामुळे झालो आपण त्यांच्या बाजूने, ते शोधून काढा म्हटलं की मुलं तुटून पडतात: बाई खाली पडलीय, लेकरू आहे, सिंह नंतर आलाय म्हणजे तो वाचवायला आलाय, वाघाने आधी काही केलंय, वाघाला कारण दिलेलंच नाही. "वाघाला कारण दिलेलं नाही" हे माझ्या एका विद्यार्थ्याचं वाक्य. इतिहासाचं पान अख्खं पाठ केलं तरी हे हाती लागत नाही. गृहपाठ: हीच घटना वाघाच्या बाजूच्या पेपरात छापायची असती तर काय काढलं असतं?

सायन्स आणि गणितात काही उपयोग आहे का, की हे भाषावाल्यांचंच?

सायन्समध्ये तर भरपूर. इंग्लंडमध्ये ब्रेंडा कीओ आणि स्टुअर्ट नेलर यांनी नव्वदच्या दशकात कन्सेप्ट कार्टून म्हणून प्रकार आणला. त्यातलं गाजलेलं चित्र बर्फाच्या माणसाचं: त्याला कोट घातला तर तो लवकर वितळेल, उशिरा वितळेल की फरक पडणार नाही? तीन मुलं तीन मतं मांडतायत, बरोबर कोण ते लिहिलेलं नाही. आपल्याकडे बर्फाचा माणूस कुठून आणणार, म्हणून बर्फाची लादी आणि गोणपाट काढा. एक मुलगी म्हणते गोणपाटात ऊब असते म्हणून लवकर वितळेल, दुसरा म्हणतो बाहेरची उष्णता आत जाणार नाही, तिसरा म्हणतो काही होत नाही. वर्गाने आधी बाजू निवडायची, मग दोन वाटीत बर्फ घेऊन बघायचं. गंमत म्हणजे मुलांना चुकीचं मत मांडायला लाज वाटत नाही कारण ते चित्रातल्या मुलाचं मत असतं, "तो म्हणतोय ना सर, मी नाही". चेहरे सगळ्यांचे सारखेच शहाणे काढा, चुकणाऱ्याला बावळट काढलं की खेळ संपला.

गणितात आलेखावरून थोडंफार होतं, पण ओढूनताणून करू नका.

शाळेत प्रोजेक्टर नाही, आणि आहे तो बंद आहे.

पुठ्ठ्यावर कात्रण चिकटवा आणि गटागटात फिरवा, खरं तर हातात धरून बघणं पडद्यापेक्षा बरं. फळ्यावर तुम्ही वाईट काढलंत तरी चालतं, मुलं जास्त खूश होतात. झेरॉक्स काळी येते, बारीक रेघा जातात, तेवढं बघून घ्या.

कॉपीराइटचं काय?

वर्गात शिकवताना वापरायला अडचण येऊ नये, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट देतं. पण तीच चित्रं घालून वर्कबुक काढून विकलं किंवा यूट्यूब चॅनलवर टाकली तर गोष्ट वेगळी, तिथे परवानगी घ्या. आपल्याकडे हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे टेनिएल मोकळा आहे (१९१४ मध्ये गेला) आणि २०१५ मध्ये गेलेले लक्ष्मण २०७५ संपेपर्यंत नाहीत. चित्राखाली चित्रकाराचं नाव आणि वर्ष लिहायची सवय मात्र कायदा असो नसो लावाच, मुलांनाही. सही कापून फॉरवर्ड करणं बंद झालं तर बरंच.

मुलांकडून काढून घ्यायची का? मग सगळी आमचीच काढतात.

काढू द्या की! शिक्षकाचं नाक मोठं काढणं हा अतिशयोक्तीचा पहिला धडा आहे. पण एक हद्द आधीच ठरवा, वर्गातल्या मुलाचं शरीर, रंग, कपडे, घर, आडनाव यावर काही नाही. ज्याच्या हातात ताकद आहे त्याची टिंगल चालेल, ज्याच्या हातात नाही त्याची नाही. मुलांना हे बरोब्बर समजतं. विषय शाळेतलाच द्या: दप्तराचं वजन, मुलींच्या टॉयलेटची कडी, खिचडीची रांग. आणि काढलेली चित्रं मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेर लावा. कडी बसते, अनुभव आहे.

मार्क कसे द्यायचे?

चित्र किती छान काढलं याला शून्य मार्क, हे पहिलं जाहीर करा. आकारिक मूल्यमापनात मी तीनच गोष्टी बघतो. दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवता येतं का, म्हणण्याला चित्रातला पुरावा देतो का, आणि दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं म्हणणं बदलता येतं का. तिसरं वहीत दिसत नाही, बोलण्यात दिसतं, म्हणून नावापुढे खूण करत जा. सीबीएसईच्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या पेपरात व्यंगचित्रावर प्रश्न येतातच, तिकडच्या मुलांना तर थेट उपयोग.

एखाद्या मुलाला दिसत नसेल किंवा कमी दिसत असेल तर?

त्याच सीबीएसईच्या पेपरात अशा मुलांना पर्यायी प्रश्न असतो. वर्गात मात्र त्याला बाजूला काढू नका, त्याला परीक्षक करा. शेजारच्याने चित्र शब्दांत सांगायचं आणि याने प्रश्न विचारत जायचं: तो माणूस बसलाय की उभा, कुणापेक्षा मोठा, मध्ये अंतर किती? सांगणाऱ्याला कळतं की आपण निम्मं बघितलंच नव्हतं. माझ्या मते हा प्रकार सगळ्या वर्गालाच डोळ्यांवर रुमाल बांधून करायला लावावा.

टीव्हीवरची कार्टून, मीम आणि ते एआयने काढलेलं, यांचं काय करू?

टीव्हीवरच्या कार्टूनची दोन मिनिटं आवाज बंद करून दाखवा आणि काय चाललंय ते लिहून काढायला सांगा, मग आवाज लावून पुन्हा. पार्श्वसंगीत किती फसवतं ते दिसतं. मीमला तेच पाच अवजारांचे प्रश्न, फक्त एक जास्तीचा: हे पहिलं कुणी बनवलं आणि आपल्यापर्यंत कुणी पाठवलं? एआयच्या चित्रात तर माझा सुरुवातीचा नियमच मोडतो, तिथे कुत्रं का आहे याला उत्तर असेलच असं नाही, ते नुसतंच आलेलं असतं. आठवीच्या पुढे एक हाताने काढलेलं आणि एक एआयचं असं शेजारी लावून, "यातल्या कुठल्या रेषेला कारण आहे?" असं विचारून बघा.

पोर्शन कधी संपवायचा?

रोज करायचंच नाही. पंधरा दिवसांतून एक चित्र, दहा-पंधरा मिनिटं, धड्याच्या सुरुवातीला. आणीबाणीच्या चित्रावर वीस मिनिटं गेली तर त्या धड्याचं निम्मं वाचन वाचतं, कारण मुलं प्रश्न घेऊन पुस्तकात शिरतात. ऑफ तासाला गेलात तर अजून सोपं, तिथे कुणी पोर्शन विचारत नाही. दोन चित्रं कायम दप्तरात ठेवा, कुणीतरी रजेवर असतंच.